बोलता येईल इतक्या वेगानं

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पाचच्या सुमारास रस्त्यावर पोरं धावताना दिसतात. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. ही भरतीची पोरं. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, आणि ५० गुणांच्या मैदानीत त्या एका प्रकाराला २० गुण आहेत. सेकंदामागे गुण, गुणामागे नोकरी आणि नोकरीमागे अख्खं घर. म्हणून ती छाती फुटेस्तोवर धावतात. त्यांच्या परीक्षेच्या दृष्टीनं त्यात काही चूक नाही.

अडचण अशी की धावणं म्हटलं की आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे हेच चित्र येतं. शाळेत आपण धावलो ते शंभर मीटरच्या शर्यतीत, नाहीतर गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला फेऱ्या मारताना. पुढे धावलो ते सुटणारी एसटी नाहीतर लोकल पकडायला. तासभर, सावकाश, शेजारच्याशी गप्पा मारत धावायचं असतं हे कुणी शिकवलंच नाही. मग चाळिशीत रक्ततपासणीचा कागद हातात पडतो, डॉक्टर ‘हालचाल वाढवा’ म्हणतात, माणूस नवे बूट आणतो आणि पहिल्याच सकाळी भरतीच्या पोरासारखा सुटतो. चारशे मीटरवर धाप लागते, पोटऱ्या भरतात. आठवडाभरात ‘धावणं आपल्याला जमायचं नाही’ असं ठरवून बूट कपाटाखाली जातात. जे चिवट असतात ते तसंच रेटत राहतात आणि चार-सहा महिन्यांनी गुडघा किंवा टाच धरून फिजिओथेरपिस्टकडे पोचतात.

पुण्या-मुंबईतल्या आणि साताऱ्याकडच्या हौशी धावपटूंमध्ये गेली काही वर्षं माझा वावर आहे. दुखणारा गुडघा, न जाणारा थकवा, मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरनंतर उचलेनासे होणारे पाय, दोन वर्षं जागच्या जागी अडकलेला वेळ, अशा तक्रारी सतत कानावर येतात. त्या वेगवेगळ्या वाटतात. पण माणसाला जवळ बसवून त्याचा आठवडा विचारला की बहुतेकांची गाठ एकाच ठिकाणी सापडते. तो रोज, गरज नसताना, थोडा जास्त जोरात धावतोय.

*

न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचा गृहस्थ बुटांच्या कारखान्यात काम करायचा आणि उरलेल्या वेळात आसपासच्या पोरांना धावायला शिकवायचा. त्याच्या पोरांपैकी पीटर स्नेलनं ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गनं ५००० मीटरचं सुवर्णपदक १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी जिंकलं. बॅरी मॅगीनं तिथेच मॅरेथॉनचं कांस्य मिळवलं. लिडियार्ड या सगळ्यांना, अगदी ८०० मीटरवाल्या स्नेललासुद्धा, आठवड्याला १०० मैलांच्या आसपास धावायला लावायचा आणि त्यातला मोठा भाग दमछाक होणार नाही अशा वेगात असायचा. आधी महिनोन् महिने पाया, मग डोंगर, मग वेग, हा त्याचा क्रम जगभरच्या प्रशिक्षकांनी उचलला.

त्याच सुमारास लिडियार्डनं ऑकलंडमधल्या प्रौढ, बसून काम करणाऱ्या, काही हृदयविकाराच्या रुग्णांनासुद्धा सावकाश धावायला लावलं. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पाहुणे म्हणून गेले होते. पन्नाशी ओलांडलेले बॉवरमन त्या मंडळींबरोबर टेकडीवर धावायला निघाले आणि मागे पडले. त्यांच्यासाठी थांबून, त्यांना सोबत करत कोण आलं, तर सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके पचवलेला एक म्हातारा. मायदेशी परतल्यावर बॉवरमननी जॉगिंगचा प्रसार केला, त्यावर पुस्तक लिहिलं. हौशी माणसांचं धावणं जगभर पसरलं त्यात त्या टेकडीचा वाटा मोठा आहे. मला ही हकिगत फार मोलाची वाटते, कारण हौशी धावण्याची सुरुवातच कुणीतरी मागच्यासाठी थांबण्यातून झाली.

पुढे स्टीफन सायलर या संशोधकानं नौकानयन, बर्फावरचं स्कीइंग, धावणं अशा दमसासाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. पाचातली सुमारे चार सत्रं हलकी आणि एखादंच खरोखर कठीण, असा हिशेब त्याला पुन्हा पुन्हा दिसला. हौशी माणसाचं उलटं असतं. त्याची पाचही सत्रं मधल्या वेगात जातात: हलकी म्हणावीत तर धाप लागते, कठीण म्हणावीत तर शरीर बदलण्याइतका ताण पडत नाही. मंगळवारची थकावट गुरुवारी सोबत येते, गुरुवारची रविवारी.

हलक्या धावण्यात शरीराच्या आत पुष्कळ काही घडत असतं. स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात. पेशींमधली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. इंधन म्हणून चरबी जास्त वापरायची सवय स्नायूंना लागते. हे सगळं आठवडे-महिने लावून होतं आणि त्यासाठी वेगापेक्षा मिनिटं मोजावी लागतात.

हलका वेग ओळखण्याची खूण सोपी आहे. धावताना सोबतच्या माणसाशी पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. घरी कालच्या जेवणाला काय होतं, ऑफिसात काय झालं, हे न अडखळता सांगता येत असेल तर वेग बरोबर. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं तर जास्त. एकटे असाल तर मोठ्यानं पाढा म्हणून बघा. बऱ्याच नवशिक्यांचा हा वेग किलोमीटरला आठ मिनिटांच्या आगेमागे असतो, कित्येकांचा त्याहूनही हळू, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत तर मध्ये मध्ये चालल्याशिवाय तो टिकत नाही. मग चालावं. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या जेफ गॅलोवेनं धावणं आणि चालणं ठरवून आलटून-पालटून करायची पद्धत १९७०च्या दशकात रुजवली, आणि असंख्य लोकांनी त्या पद्धतीनं मॅरेथॉन पुरी केली आहे. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल. दमल्यावर चालायचं नाही, घड्याळ सांगेल तेव्हा चालायचं. यातच त्या पद्धतीचं मर्म आहे.

ऑक्टोबरच्या उकाड्यात हा वेग आणखी उतरतो. त्याच वेगाला नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वर जाते, कारण रक्ताचा काही वाटा अंग थंड ठेवायला कातडीकडे वळवावा लागतो. उकाड्याची सवय व्हायला शरीराला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. तेवढा काळ घड्याळातला आकडा सोडून श्वासाकडे बघावं.

*

हे सगळं ऐकून माणसं मान डोलावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जोरात धावतात. का, याचं उत्तर शरीरशास्त्रात मिळत नाही.

हळू धावायची लाज वाटते. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना वॉचमन बघतो. जॉगिंग ट्रॅकवर भरभर चालणाऱ्या आजी मागून येऊन पुढे निघून जातात. धाव संपली की मोबाइलवरच्या अॅपमध्ये पेस, म्हणजे किलोमीटरला लागलेला वेळ, सगळ्यांना दिसतो, त्यामुळे ‘आठ-दहाचा पेस’ दाखवायला माणूस कचरतो आणि शेवटचे दोन किलोमीटर पळून सरासरी सुधारतो. ग्रुपबरोबर धावणाऱ्याचं तर विचारूच नका. पुढचे दोघे गप्पा मारत जात असतात. त्यांचा गप्पांचा वेग हा याचा शर्यतीचा वेग असतो. तो गप्प राहून, दात आवळून त्यांच्यासोबत जातो आणि सराव छान झाला असं समजतो.

केनियाच्या डोंगराळ भागात, इटेनला किंवा काप्टागाटला, जाऊन आलेले धावपटू एक गोष्ट हमखास सांगतात. जगातले सर्वांत वेगवान लोक हलक्या दिवशी इतके सावकाश सुरू करतात की पाहुण्याला वाटतं आपण यांच्यासोबत जाऊ शकू. शर्यतीत किलोमीटरला तीन मिनिटांहून कमी वेळ घेणाऱ्या माणसाला तिथे कुणापुढे काही सिद्ध करायचं नसतं. आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी पहिले तीन महिने हे एवढंच शिकवलं तरी पुष्कळ आहे. ग्रुपमधल्या जुन्या, वेगवान लोकांनी आठवड्यातून एक दिवस मुद्दाम शेवटच्या माणसाबरोबर धावावं. नव्या माणसाला त्यातून जी परवानगी मिळते ती कुठल्या वेळापत्रकातून मिळत नाही.

नोकरी करणाऱ्या माणसाचा आठवडा मी साधारण असा मांडीन. मंगळवारी चाळीस-पन्नास मिनिटं हलकं. गुरुवारी कठीण सत्र: पंधरा मिनिटं हलकं धावून मग टेकडीवर एकेका मिनिटाचे सहा-आठ चढ, किंवा वीस मिनिटं नेटाच्या, सलग वेगात. शनिवारी अर्धा तास अगदी सैल. रविवारी लाँग रन, तीही बोलता येईल अशाच वेगात. मधल्या दोन दिवशी वीस-वीस मिनिटं घरातच जोर-बैठका, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, एका पायावर तोल सांभाळणं. हलके दिवस खरोखर हलके गेले तरच गुरुवारचं सत्र खरोखर कठीण करता येतं.

*

हृदय आणि फुप्फुसं लवकर शिकतात. दीड-दोन महिन्यांत धाप कमी होते, माणसाला हुरूप येतो, आणि तिथेच धोका सुरू होतो, कारण हाडं आणि स्नायुबंध इतक्या वेगानं तयार होत नाहीत. किलोमीटरला साधारण हजार पावलं पडतात, आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार एका पायावर येतो. त्या भारानं हाड मजबूत होतं हे खरं. पण त्याआधी शरीर जुना भाग झिजवतं आणि मग नवा भरतं. या मधल्या काही आठवड्यांत हाड उलट कच्चं असतं. नडगीचं किंवा पावलाचं हाड चिरलं जातं ते बहुधा याच काळात, आणि माणूस म्हणतो, ‘आत्ता कुठे मस्त चाललं होतं.’

आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, हा सल्ला प्रत्येक ग्रुपमध्ये मिळतो. नेदरलँड्समध्ये ५३२ नवशिक्या धावपटूंवर तो तपासला गेला. एका गटानं तेरा आठवड्यांत हळूहळू वाढवलं, दुसऱ्यानं आठ आठवड्यांत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांत जायबंदी होण्याचं प्रमाण सारखंच, सुमारे वीस टक्के, निघालं. २०२५ मध्ये पाच हजारांवर धावपटूंच्या नोंदींवरून झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं जास्त उपयोगाची गोष्ट पुढे आणली. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी घातक ठरते. गेल्या महिनाभरातल्या सर्वांत लांब धावेपेक्षा आजची धाव दहा टक्क्यांहून जास्त लांबली की जायबंदी होण्याची शक्यता वाढते. मित्रांच्या आग्रहानं चौदावरून एकदम एकवीसला जाणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्या रविवारी छाती फुगते, आणि दुखणं पुढच्या आठवड्यात येतं.

‘धावल्यानं गुडघे झिजतात’ हा काळजीचा सूर घरोघरी असतो. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र तपासणी झाली तेव्हा हौशी धावपटूंमध्ये गुडघा-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के आढळलं, बैठं आयुष्य जगणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर वर्षानुवर्षं धावणाऱ्यांत १३.३ टक्के. धावणाऱ्यांचं वजन मुळात कमी असतं वगैरे गोष्टी यात असू शकतात, हे धरूनही सासूबाईंना दाखवायला हा आकडा पुरेसा आहे. गुडघा दुखतो तो बहुधा सांधा झिजल्यामुळे नव्हे. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू कच्चे राहून भार वाढल्यामुळे दुखतो. आपल्याकडे एक जास्तीची अडचण म्हणजे रस्त्याचा उतार. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला कललेला असतो. रोज त्याच बाजूनं धावलं की एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो. जमेल तिथे टेकडीची मातीची वाट धरावी. पुणेकरांना वेताळ टेकडी आहे, मुंबईकरांना बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान.

*

भारताचा पहिला ऑलिंपिक मॅरेथॉन धावपटू शोधायला गेलं तर रस्ता पुण्यात येतो. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहिली. त्यांना कुठलंही शास्त्रोक्त प्रशिक्षण नव्हतं, तरी त्यांचे वेळ थक्क करणारे होते. त्या धक्क्यातून १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटा चमू गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. हा वेळ आज मुंबईत धावणाऱ्या हजारो हौशी लोकांपैकी मोजक्यांनाच गाठता येतो.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य मिळवलं. शेतात, डोंगरात, पाण्याच्या आणि शाळेच्या वाटेवर चालण्यात बालपण गेलेल्या माणसाचा पाया सरावाच्या पहिल्या दिवसाआधीच बांधला गेलेला असतो. गरिबीचं कौतुक करण्यासाठी हे सांगत नाही. त्यांना सोय मिळाली असती तर त्या आणखी पुढे गेल्या असत्या. सांगायचं ते दिवसाचे दहा तास खुर्चीवर बसणाऱ्या शहरी माणसाला. तुमचा तो पाया बांधायचा राहिला आहे, आणि सावकाश किलोमीटरांखेरीज तो बांधायचा दुसरा मार्ग नाही.

*

दिवाळीच्या सुमारास जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला दोन-अडीच महिने उरलेले असतात आणि अनेकांच्या सर्वांत लांब धावा नेमक्या तेव्हाच येतात. २००४ पासून भरणारी ही शर्यत हौशी मराठी धावपटूंचा सण आहे. सीएसएमटीजवळून पहाटे अंधारात सुरू होणारी पूर्ण मॅरेथॉन बहुतेक वर्षी मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, वरळी, सी लिंक अशी उपनगराकडे जाऊन परत दक्षिणेला वळत आली आहे. जाताना गार हवेत, ढोल-ताशांत, पेडर रोडचा चढ जाणवतही नाही. परतीला, शेवटच्या टप्प्यात, उन्हं वर आल्यावर तोच चढ पुन्हा समोर येतो. पहिल्या दहा किलोमीटरांतला उत्साह तिथे वसूल होतो.

हिशेब मांडून बघा. साडेचार तासांचं लक्ष्य असेल तर किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद पडतात. गर्दीच्या जोशात पहिले दहा किलोमीटर ६ मिनिटांनी गेले, तर चार मिनिटं कमावली असं वाटतं. पण ती कमाई नसते, सावकाराकडून घेतलेली उचल असते. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय अडले आणि शेवटचे बारा किलोमीटर ८ मिनिटांनी गेले, तर एकोणीस मिनिटं जातात. केल्विन किप्टमनं ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोत २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला तेव्हा पहिला अर्धा भाग ६० मिनिटं ४८ सेकंदांत आणि दुसरा ५९ मिनिटं ४७ सेकंदांत धावला होता.

तिसाव्या किलोमीटरची भिंत ही मनाची दुर्बलता आहे असं समजून कित्येक जण स्वतःला दोष देत बसतात. तिचं कारण इंधनात आहे. धावताना किलोमीटरला, दर किलो वजनामागे, ढोबळमानानं एक कॅलरी खर्च होते. पासष्ट किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला २७०० कॅलरी लागतात. स्नायूंत आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजन साधारण २००० कॅलरींपर्यंत पुरतं. उरलेलं चरबीतून आणि वाटेत खाण्यातून यायला हवं. वेग जितका जास्त तितका ग्लायकोजनचा वाटा जास्त, म्हणून सुरुवातीला उधळलेला माणूस लवकर रिकामा होतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोदकं पोटात जावीत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. जेलची पाकिटं परवडत नसतील किंवा पोटाला मानवत नसतील, तर खजूर, चिक्कीचे छोटे तुकडे, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी यांवर काम भागतं. मात्र जे काही खायचं ते रविवारच्या लांब धावांमध्ये खाऊन बघितलेलं असावं, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको. शर्यतीच्या पहाटे साबुदाण्याची खिचडी खाऊन निघणारे मी पाहिले आहेत. शेंगदाणे आणि तूप-तेल पोटात रेंगाळतं. केळं, मऊ भात, इडली, ब्रेड-जॅम बरं. फराळाच्या दिवसांत चकली-करंजी दुपारी खावी, लाँग रनच्या आदल्या रात्री नको.

पाण्याबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. कमी पिणारे चक्कर येऊन पडतात हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त पिणाऱ्यांचं फारसं कुणी सांगत नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं, त्यात १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली उतरलेलं होतं. शर्यतीदरम्यान वजन वाढलेले, म्हणजे गमावल्यापेक्षा जास्त प्यालेले, आणि चार तासांहून जास्त वेळ घेणारे यात जास्त होते. डोकं ठणकणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं आहेत, आणि अशा माणसाला आणखी पाणी पाजणं जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं प्यावं. शर्यतीआधी किंवा शर्यतीत वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडाला इजा करतात, आणि दुखणं झाकून माणसाला आणखी दहा किलोमीटर पुढे नेतात.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचा हिशेब वेगळा. २०१२ पासून होणारी ही अर्धमॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यावर जाते आणि त्याच वाटेनं उतरते. लोक चढाची धास्ती घेतात, पण पाय मोडतात उतारावर. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलत असतात आणि त्यात त्यांचे तंतू सर्वांत जास्त फाटतात. तिथे जायचं असेल तर आधीच्या महिन्यांत सिंहगड, अजिंक्यतारा, पर्वती, जे जवळ असेल ते केवळ चढून नव्हे, धावत उतरूनही यायची सवय करा. पावलं छोटी, पटपट, शरीर मागे न कलवता.

*

बायकांच्या धावण्याबद्दल बोलताना मला दर वेळी पुरुषांच्या लाँग रनपासून सुरुवात करावीशी वाटते. रविवारी पहाटे चारला उठून तीन तास धावून, मित्रांबरोबर मिसळ खाऊन साडेदहाला घरी येणारा पुरुष ज्या मोकळिकीवर धावतो, ती मोकळीक घरातलं कुणीतरी त्याला देत असतं. त्याच घरातली बाई धावायला लागली की तिला आधी डबे, मग धाव, मग पुन्हा स्वयंपाकघर. अंधारात एकटीनं बाहेर पडायची भीती, कुत्री, बघणाऱ्यांचे डोळे, रस्त्यावर स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच न पिणं, या सगळ्याची यादी तिला रोज मनात करावी लागते. प्रशिक्षण वेळापत्रकांमध्ये याचा उल्लेखही नसतो. जोडप्यानं रविवार आलटून-पालटून वाटून घ्यावेत, यापेक्षा चांगला सराव-सल्ला माझ्याकडे नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. पाळीत लोह जातं, घामातून आणि पावलांच्या आघातातूनही थोडं जातं. एखादी बाई नीट सराव करूनही दमत असेल, हलक्या धावेतही नाडी चढत असेल, तर तिला ‘आणखी जोर लावा’ सांगण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासायला सांगा. जेवणासोबतचा चहा लोह शोषू देत नाही. तो तासाभरानं घ्यावा. पाळी चुकू लागली तर ती तंदुरुस्तीची खूण समजू नये, खाणं कमी पडतंय अशी ती शरीराची तक्रार असते आणि हाडं त्यात सर्वांत आधी ठिसूळ होतात.

रस्त्याचं भय मात्र सगळ्यांना सारखंच. मार्च २०२३ मध्ये वरळी सी फेसवर सकाळी धावणाऱ्या एका महिलेला भरधाव मोटारीनं उडवलं आणि तिचा जीव गेला. जग ज्यांना शंभरी ओलांडून मॅरेथॉन पुरी करणारे म्हणून ओळखत होतं ते फौजासिंग, वयाच्या ८९व्या वर्षी पहिली मॅरेथॉन धावलेले, जुलै २०२५ मध्ये आपल्या गावाजवळ रस्ता ओलांडताना गाडीच्या धडकेनं गेले. समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावा, अंगावर चमकणारी पट्टी असू द्या, कानात इअरफोन नको. पण यात धावणाऱ्याच्या हातात फार थोडं आहे. पदपथ आणि वेगावर लगाम ही महापालिकेची आणि पोलिसांची कामं आहेत, आणि धावपटूंच्या ग्रुपांनी मेडलचे फोटो टाकण्याइतक्याच नेटानं ती मागितली पाहिजेत. हवेचंही तसंच. लक्ष्मीपूजनानंतरच्या सकाळी फटाक्यांचा धूर गार, थांबलेल्या हवेत जमिनीलगत साचून असतो. त्या एका सकाळी धावलं नाही तर काहीही बिघडत नाही.

हृदयाची भीती हवी तेवढीच असावी. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख लोकांमध्ये हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना नोंदल्या गेल्या. प्रमाण फार थोडं. तरीही आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार लवकर गाठतात. पस्तिशी-चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यानं, विशेषतः घरात कुणाला कमी वयात झटका आलेला असेल तर, आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. तापात किंवा तापातून उठल्या उठल्या धावू नये. छातीत दाब वाटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर तिथेच थांबावं. बिब कितीही पैसे देऊन घेतलेला असो.

*

आता एक मागणी आयोजकांकडे. आपल्या शहरांतल्या कित्येक शर्यतींत मागून येणाऱ्यांच्या वाट्याला रिकामी पाण्याची टेबलं येतात. केळ्यांच्या साली आणि चुरगळलेले पेले तेवढे उरलेले असतात, रस्ता मुदतीआधीच वाहतुकीला खुला झालेला असतो, मेडल संपलेलं असतं. हेच लोक सर्वांत जास्त वेळ उन्हात असतात. यांतच साठीतले आहेत, पहिल्यांदा धावणाऱ्या बायका आहेत, आजारातून उठून आलेले आहेत. सगळ्यांनी सारखंच शुल्क भरलेलं असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे ८८ किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत बारा तासांची मुदत कडक पाळली जाते, पण अकराव्या तासाला धावणाऱ्यालाही वाटेत पाणी मिळतं आणि मैदानात त्याच्यासाठी ओरडायला माणसं थांबलेली असतात.

आपल्याकडे जाहीर केलेल्या मुदतीच्या शेवटच्या मिनिटापर्यंत प्रत्येक टेबलावर पाणी, मीठ-साखर आणि एक माणूस असावा, शेवटच्या धावपटूमागे रुग्णवाहिका असावी, आणि नोंदणी जितक्यांची घेतली तितकी मेडलं बनवलेली असावीत. नोंदणी करतानाच आयोजकांना हे लेखी विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्या शर्यतीचे पैसे वाचवून चांगले बूट घ्या.